जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी : ओळख, सफाई आणि दुरुस्ती

आजोबा-पणजोबांचा वस्तरा अजून घरात आहे, त्याचे काय करावे, असे मंडळातले बरेच जण विचारतात. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत संस्थानी नोकरीच्या काळातले असे वस्तरे आजही सापडतात. बहुतेकांचे सगळे लक्ष पात्याकडे असते. गंज काढला, धार लावली की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात जुना वस्तरा पुष्कळदा मुठीपासून बिघडायला लागतो, आणि चुकीच्या सफाईत सर्वांत आधी मूठच कामातून जाते. म्हणून हा लेख मुठीविषयी आहे. पात्याचा विषय गरजेपुरताच घेतला आहे.

घडीच्या वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला आरपार खिळा असतो, त्यावर पाते फिरते. दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांच्या मध्ये पाचर असते आणि तिच्यातूनही खिळा जातो. काही मुठींना मधोमध तिसरा खिळा असतो. पाचर निमुळती असते, त्यामुळे पट्ट्या किंचित फाकून राहतात आणि पाते मिटताना कोणत्याही बाजूला न घासता मधोमध बसते. ही रचना लक्षात ठेवावी, कारण पुढे मूठ वाकली किंवा पाचर झिजली तर पात्याची धार थेट पट्टीवर बसते. खिळे पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे असतात आणि त्यांची डोकी वॉशरवर ठोकून पसरवलेली असतात. स्क्रू कुठेही नसतो. म्हणूनच मूठ सुटी करायची म्हणजे खिळा तोडावाच लागतो, हे आधी समजून घ्यावे.

आपल्याकडे सापडणारे बहुतेक जुने वस्तरे इंग्लंडमधील शेफील्ड किंवा जर्मनीतील झोलिंगेन येथले असतात. जोसेफ रॉजर्सचा तारा आणि क्रॉस, वोस्टनहोमचे आय एक्सएल, बोकरचे झाड या खुणा पात्याच्या मागच्या जाड भागावर दिसतात. नुसते गावाचे नाव आहे की देशाचेही, हेही पाहावे. अमेरिकेत 1890 साली झालेल्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यामुळे देशाचे नाव असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजतात. नाव नसेल तर तो त्याआधीचाच, असे मात्र म्हणता येत नाही, कारण सगळा माल अमेरिकेला जात नव्हता. या अंदाजाचा उपयोग मूठ ओळखायला होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली मूठ शिंगाची, हाडाची, हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची असणार. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, शतकाच्या मध्यानंतर आले. सेल्युलॉइड आले ते 1870 नंतर. बेकेलाइटचा शोध 1907 चा, म्हणजे ते त्याहून अलीकडचे.

सेल्युलॉइडची कथा थोडी सांगतो, कारण पुढचा धोका तिच्यातूनच कळतो. अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे करत. हस्तिदंत महाग होऊ लागला तेव्हा एका कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलर देऊ केले. जॉन वेस्ली हायट याने त्या खटपटीतून कापसापासून केलेले नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण तयार केले आणि 1870 मध्ये त्याचे पेटंट घेतले. आपण देवापुढे जाळतो तोच हा कापूर. नायट्रोसेल्युलोज तर बंदुकीच्या दारूचे सख्खे भावंड. हा माल गरम केला की मऊ होई, हवा तो रंग घेई, हस्तिदंतासारखाही दिसे. पुढे याच मालाची सिनेमाची फिल्म झाली. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मूक काळातले चित्रपट जळाले, ते आपल्यापैकी काहींना आठवत असेल. वस्तऱ्याची मूठ म्हणजे त्याच मालाचा छोटा तुकडा.

मूठ कशाची आहे हे ठरवल्याशिवाय तिला पाणीसुद्धा लावू नये. तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी रीत काही जण सांगतात. ती करू नका. मूठ सेल्युलॉइडची निघाली तर हातातच भडका उडेल. त्यापेक्षा अंगठ्याने किंवा सुती फडक्याने पट्टी जोरात घासून गरम करावी आणि लगेच वास घ्यावा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. फटाक्यांसारखा, गंधकाचा वास आला तर एबोनाइट. एबोनाइटच्या फाउंटन पेना वापरलेल्यांना हा वास चटकन ओळखता येतो. फिनाइलकडे झुकणारा वास बेकेलाइटचा.

वासावरून कळले नाही तर मोबाइलचा टॉर्च मागून धरावा. शिंग कडेला अर्धपारदर्शक दिसते आणि आत लांबट धागे, मधाच्या रंगाच्या रेषा दिसतात. काळे रंगवलेले शिंग मात्र फसवते. अशा वेळी पट्टीची आतली बाजू पाहावी, तिथे रंग फिका असतो. हाडावर टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके किंवा रेघा असतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या रेषांची जाळी असते. पण मुठीच्या पट्ट्या लांबीत कापलेल्या असतात, त्यामुळे जाळी टोकाच्या कडेलाच दिसली तर दिसते. पांढऱ्या मुठीवर सगळीकडे सारख्या अंतराच्या सरळ समांतर रेषा दिसल्या तर तो हस्तिदंत नाही. हस्तिदंताची नक्कल करायला केलेले ते सेल्युलॉइड आहे. घरात 'हस्तिदंती वस्तरा' म्हणून जपलेल्या अनेक वस्तऱ्यांची हीच कथा आहे, आणि ते कळल्यावर लोक थोडे नाराज होतात.

आता सेल्युलॉइडच्या आजाराकडे येऊ. हा माल काळानुसार आपोआप विघटित होतो. त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू निघतात, आणि दमट हवेत त्यांचे नायट्रिक आम्ल होते. उष्णता आणि दमटपणा दोन्हींनी ही क्रिया वाढते. म्हणजे मे महिन्यातला आपला माळा आणि त्यानंतरचा पावसाळा यांहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. पत्र्याच्या ट्रंकेत, डबीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला वस्तरा सगळ्यात लवकर जातो, कारण वायू बाहेर पडायला वाट नसते.

लक्षणे अशी. डबी उघडताच नाकाला झोंबणारा आंबूस वास येतो. पट्टी धुरकट होते, आत भेगांची जाळी दिसते, कधी पृष्ठभाग घामेजल्यासारखा चिकट लागतो. पितळी खिळ्यांभोवती हिरवा कळंक चढतो. नेमकी खूण पात्यावर मिळते. पाते मिटल्यावर त्याचा जेवढा भाग मुठीच्या आत राहतो तेवढाच गंजलेला असतो, बाहेर राहणारे शेपूट जवळपास स्वच्छ असते. असा वस्तरा दिसला तर पात्याला तेल लावून परत मुठीत मिटून ठेवू नका. मी तसेच केले होते. आजोबांच्या झोलिंगेनी वस्तऱ्यावर मला गंजाचे चार ठिपके दिसले. ते काढले, शिलाई मशीनचे तेल लावले, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून पेटीत ठेवला. दोन पावसाळ्यांनंतर उघडला तेव्हा धारेला आरपार खड्डे पडले होते. मूठ मात्र कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी, वरून देखणीच होती. गंज मुठीतून येत होता आणि मी पाते पुसत बसलो होतो.

हा आजार बरा होत नाही. वरून पॉलिश केले, लाखेचा किंवा कसलाही थर दिला तरी आतले विघटन थांबत नाही. उपाय एकच, मूठ आणि पाते वेगळे करणे. वेगळी केलेली मूठ आठवण म्हणून ठेवायची असेल तर कागदी पाकिटात, थंड, हवेशीर जागी, इतर वस्तूंपासून दूर ठेवावी. देवघर, गॅसची शेगडी, गीझर यांच्याजवळ नको. बँक लॉकरमध्ये तर मुळीच नको. लॉकर म्हणजे बंद लोखंडी पेटी, आणि त्यात शेजारी घराचे दस्तऐवज आणि चांदी असते. त्या वायूने कागदही ठिसूळ होतो. माझी सगळी नोकरी लॉकरच्या किल्ल्या सांभाळण्यात गेली, त्यामुळे लोक तिथे काय काय ठेवतात याची मला कल्पना आहे.

निरोगी सेल्युलॉइडची सफाई मात्र सोपी आहे. कोमट नव्हे, साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, जुना मऊ टूथब्रश, आणि लगेच कोरडे करणे. दोन पट्ट्यांच्या मध्ये दाढीच्या साबणाचा जुना थर बसलेला असतो. तिथे सुती कापडाची अरुंद पट्टी घालून पुढे-मागे ओढावी. पाते आधी चिकटपट्टीने पूर्ण झाकून घ्यावे. शंभर वर्षांचा वस्तराही बोट सहज कापतो. चमक आणायला पांढरी साधी टूथपेस्ट फडक्यावर घेऊन घासली तरी पुरते. नेलपॉलिश काढायचे द्रावण आणि थिनर यांनी सेल्युलॉइड विरघळते. स्पिरिटनेही ते मऊ पडते, म्हणून निर्जंतुक करायचे झाल्यास स्पिरिट फक्त पात्याला लावावे. हेअर ड्रायर वापरू नये, आणि मशीनवर फिरणारे पॉलिशचे चाक तर नकोच.

एबोनाइटचा स्वभाव वेगळा. उजेडात राहिले की त्यातल्या गंधकाचे ऑक्सिडीकरण होते आणि काळा रंग जाऊन शेवाळी तपकिरी होतो. अशा मुठीला पाणी लागले, विशेषतः गरम पाणी, तर रंग आणखी उतरतो. एक काळी नक्षीदार मूठ मी गरम साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवली. काढली तेव्हा ती पोलिसांच्या गणवेशाच्या रंगाची झाली होती. रंग परत आणण्याचा मार्ग म्हणजे खराब झालेला वरचा थर घासून काढणे. 1000 आणि नंतर 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्याऐवजी लिक्विड पॅराफिनबरोबर वापरून मी तो काढला. काळा रंग आला, पण पट्टीवर दाबून उठवलेली वेलबुट्टी निम्मी पुसली गेली. म्हणून नक्षी असलेली एबोनाइटची मूठ तपकिरी असली तरी तशीच राहू द्यावी, असे माझे मत आहे. कोरड्या फडक्याने पुसून, किंचित लिक्विड पॅराफिन लावून, अंधारात ठेवली की पुरे.

शिंग सर्वांत जास्त सापडते आणि दुरुस्तीला सर्वांत जास्त साथ देते. शेफील्डचे कारागीर शिंग गरम करून साच्यात दाबत आणि पुष्कळदा काळे रंगवत. त्यासाठी म्हशीचे शिंग हिंदुस्थानातूनही जात असे. आपल्याकडे कोकणात विजयदुर्गला शिंगकामाची जुनी कारागिरी होती, तीही शिंगाच्या याच गुणावर, म्हणजे उष्णतेने मऊ होण्यावर, आधारलेली. शिंग आणि आपली नखे एकाच द्रव्याची. ते कोरडे पडले की थरांत सुटते, पाण्यात भिजले की फुगते आणि वाकते. कसरही त्याला खाते. कडेला कुरतडल्यासारखे खड्डे दिसले तर ते तिचे काम.

शिंगाची मूठ साबणाच्या ओलसर फडक्याने पुसावी, बुडवू नये. कोरडी झाल्यावर लिक्विड पॅराफिन लावून दोन-तीन दिवस ठेवावे आणि उरलेले तेल पुसून घ्यावे. ते औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते. परदेशी पुस्तकांत यासाठी गुरांच्या पायांपासून काढलेले तेल सांगतात. आपल्यापैकी अनेकांना ते चालणार नाही, आणि त्याची गरजही नाही. हाताशी असते म्हणून खोबरेल लावण्याचा मोह होतो. ते काही महिन्यांत खवट होते आणि थंडीत पट्ट्यांच्या मध्ये थिजून बसते. जवस तेल सुकून चिकट थर धरते. सुटलेल्या थरांत पातळ सुपर ग्लूचा थेंब सोडून, मेणकागद ठेवून, कपड्यांच्या चिमट्याने दाबावे. ओरखडे असतील तर 400 पासून सुरू करून 600, 1000, 2000 असे ओले घासत जावे. एक नंबर गाळला तर त्याचे ओरखडे शेवटच्या चमकेतही दिसतात. शिंगाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावावा. शिंपल्याच्या मुठीला तर कोरडे घासूच नये, ती धूळ जास्त घातक असते.

वाकलेली शिंगाची पट्टी सरळ होते, पण त्यासाठी ती पात्यापासून सुटी केलेली बरी. गरम पाण्यात काही मिनिटे ठेवली की ती लवते. मग दोन सपाट लाकडांत दाबून पूर्ण थंड होईपर्यंत, शक्यतो रात्रभर, ठेवावी. शिंगाला जुना वाक आठवतो, त्यामुळे एकदा केल्याने भागेलच असे नाही.

हस्तिदंत आणि हाड यांना जवळजवळ काहीच करू नये. कापसाचा बोळा अगदी किंचित ओला करून थोड्या थोड्या भागावर फिरवावा आणि लगेच पुसावे. भिजवले तर भेगा पडतात. पिवळेपणा हा वयाचा रंग आहे, ब्लीच किंवा लिंबू लावून तो घालवू नये. कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 आणि त्यातील दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे बंद आहे. 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंतही त्यात आला. वारसाने आलेली वस्तू जवळ ठेवायलासुद्धा मालकीच्या प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. कासवाच्या पाठीलाही हेच बंधन आहे. परदेशातल्या मुलाला कुरिअरने पाठवणे, इंटरनेटवर विकायला ठेवणे, यांपैकी काहीही करण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. पणजोबांनी 1920 मध्ये घेतला होता, एवढे सांगून भागत नाही.

खिळ्यांविषयी. कळंक दातकोरणीच्या टोकाने काढावा, हवे तर टोकावर पितळ पॉलिशचा कण घ्यावा. ब्रशने पॉलिश फासू नये, ते पट्टीच्या छिद्रात जाते. चिंच-लिंबूही इथे नको, आम्ल शिंगालाही लागते आणि पात्यालाही. पाते सैल झाले असेल तर मूठ उघडायची गरज नसते. छोट्या ऐरणीवर एका बाजूचे डोके टेकवून दुसऱ्या बाजूच्या डोक्यावर गोल तोंडाच्या लहान हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्यावेत, मग बाजू बदलावी, आणि दर वेळी पाते हलवून पाहावे. जोराचा एकच ठोका पट्टीला खिळ्यापासून टोकापर्यंत चीर पाडतो. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी ओळखीच्या सोनाराकडे जावे. त्याच्याकडे ऐरण, हातोडी आणि अंदाज तिन्ही असतात. अट एकच, सेल्युलॉइडच्या मुठीजवळ त्याने फुंकणी पेटवायची नाही.

मूठ सोडवायची असेल तर खिळ्याचे एका बाजूचे डोके बारीक कानशीने घासून वॉशर सुटा करावा आणि खिळा दुसऱ्या बाजूने ढकलून काढावा. जुन्या इंग्रजी वस्तऱ्यांची पाचर पुष्कळदा शिशाची असते. तिच्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकू नये, ओल्या कागदाने पुसावी आणि हात धुवावेत.

नवी मूठ शिसवी लाकडाची चांगली होते. पट्टी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर जाड ठेवावी. जास्त जाड केली तर वस्तरा मागे जड होतो आणि हातात तोल राहत नाही. जुनी पट्टी नमुना म्हणून ठेवून दोन्ही नव्या पट्ट्या एकत्र चिकटपट्टीने बांधून छिद्रे पाडावीत, म्हणजे ती समोरासमोर येतात. लाकडाला आतून-बाहेरून दोन्ही बाजूंनी पाणी न लागणारा थर द्यावा. खिळ्याला सुमारे 1.6 मिलिमीटरची पितळी तार चालते, आणि वॉशरच्या वर तिचे टोक एक मिलिमीटरहून थोडे कमीच ठेवावे. जास्त ठेवले तर ठोकताना डोके पसरत नाही, तार वाकते. आधी पाचरेकडचा खिळा बसवून, पाते मिटून, ते मधोमध येते का ते पाहावे, आणि मगच फिरत्या खिळ्याचे डोके पक्के करावे. मधोमध येत नसेल तर दोष बहुधा पाचरेत असतो, ती एका बाजूने किंचित घासून पुन्हा पाहावे.

आजोबांच्या वस्तऱ्याला आता शिसवी मूठ आहे. धारेचे खड्डे गेले नाहीत, त्यामुळे दाढीला तो उपयोगाचा नाही. जुनी पट्टी कागदी पाकिटात वेगळ्या खोलीतल्या कपाटात आहे, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत पाकीट उघडून वास घेतो.